खोकल्याचा वेग: कुठे मोजला?

खोकल्याची हवा ताशी शंभर मैल वेगाने बाहेर पडते, हे विधान आरोग्याच्या पुस्तिकांत, शाळांच्या फलकांवर आणि कोविडच्या काळात तर मोबाइलवर इतक्या वेळा फिरून गेलं की ते तपासून पाहावं असं फारसं कुणाला वाटत नाही. आकडा कुणी मनाने ठोकून दिलेला नाही. वैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले त्या गायटनच्या शरीरक्रियाशास्त्राच्या ग्रंथात खोकल्याच्या हवेचा वेग ताशी ७५ ते १०० मैल, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ ते ४५ मीटर, दिलेला आहे. मात्र माणसांना प्रयोगशाळेत बोलावून, खोकायला लावून ज्यांनी तोंडासमोरची हवा मोजली, त्यांचे आकडे बरेच खाली येतात. २००६ साली लेसरच्या झोतात कण टिपून केलेल्या एका मोजणीत सरासरी वेग सेकंदाला ११.२ मीटर आला. २०१२ साली कोरियातल्या संशोधकांना त्याच जातीच्या पद्धतीने पुरुषांत १५.३ आणि स्त्रियांत १०.६ मीटर मिळाले. २००९ साली ज्युलियन टँग आणि गॅरी सेटल्स यांनी मोठ्या अंतर्वक्र आरशाच्या मदतीने पाहिलं, तेव्हा कमाल वेग भरला सेकंदाला ८ मीटर. एकाच क्रियेच्या मोजमापात पाचपट तफावत दिसली की कुणीतरी चुकतंय असा संशय येणारच. माझं म्हणणं असं की यात चुकलेलं कुणीच नाही. खोकल्याला एक ठरावीक वेग नसतोच. श्वासनलिकेत एक, ओठांशी दुसरा, हातभर अंतरावर तिसरा आणि अर्ध्या सेकंदानंतर चौथा. त्याही पुढे जाऊन, रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे समजून घ्यायचं असेल, तर या सगळ्या आकड्यांत वेग हाच सर्वांत कमी कामाचा आहे. मोजायला हवी ती हवेची मात्रा, आणि ती ज्या खोलीत सुटली त्या खोलीची हवा. नागपूरसारख्या गावी, जिथे नवतपाची, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली, दुपार आणि डिसेंबरची पहाट यांच्यात तीस अंशांहून जास्त अंतर पडतं, हा भेद पुस्तकी राहत नाही.

आधी शरीर काय करतं ते पाहू. खोकण्यापूर्वी माणूस हवा आत ओढतो, जोराच्या खोकल्यापूर्वी अडीच लिटरपर्यंत. मग स्वरयंत्रापाशी झडप घट्ट मिटते आणि पोटाचे, छातीचे स्नायू आवळले जातात. बाहेर पडायला वाट नसल्याने छातीतला दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरवर जातो, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्शात उरकतं. झडप अचानक उघडली की हवा सुटते, आणि इथे एक खुबी आहे: श्वासनलिकेची मागची भिंत कूर्चेची नसून मऊ आहे. बाहेरून दाब आला की ती आत दुमडते आणि नलिका अरुंद होते. तेवढीच हवा अरुंद वाटेने जायची तर वेग वाढवूनच जाणार. कफ ओरबाडून काढायला निसर्गाला हाच वेग हवा असतो. आता साधा हिशेब करा. सेकंदाला ६ लिटर हवा बाहेर पडतेय आणि खोकताना तोंडाची फट ४ चौरस सेंटिमीटर आहे, तर ओठांशी वेग येतो सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. तीच हवा, त्याच क्षणी, आत दीड चौरस सेंटिमीटरच्या चिंचोळ्या नळीतून जात असेल तर तिथला वेग ४० मीटर, ताशी १४४ किलोमीटर. गायटनचा आकडा आणि लेसरवाल्यांचा आकडा यांच्यात भांडण नाही. एकाने नळीच्या आतलं सांगितलं, दुसऱ्याने नळीच्या तोंडाशी मोजलं. आतला वेग बाहेरच्या माणसाला लागू करून ‘शंभर मैलांनी जंतू अंगावर येतात’ असं म्हणणं मात्र सरळसरळ गफलत.

वरचे ६ लिटर आणि ४ चौरस सेंटिमीटर हे मी सोयीसाठी धरलेले नाहीत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जितेंद्र गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ जणांच्या खोकल्यांची मोजणी केली आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. पुरुषांत हवेचा कमाल प्रवाह सेकंदाला ३ ते साडेआठ लिटर, स्त्रियांत १.६ ते ६ लिटर. एका खोकल्यात बाहेर पडलेली एकूण हवा पुरुषांत ४०० ते १६०० मिलिलिटर, स्त्रियांत २५० ते १२५०. प्रवाह शिगेला पोचायला लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आगेमागे, बहुतेकदा त्याहून कमी. तोंडाची फट पुरुषांत सरासरी ४ चौरस सेंटिमीटर. आणि ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे झोत सरळ पुढे जात नाही. तो तिरका खाली, आडव्या रेषेच्या सुमारे १५ ते ४० अंश खाली सुटतो. या आकड्यांत माणसामाणसांतला फरक डोळ्यांत भरतो. सर्वांत कमजोर आणि सर्वांत जोरदार खोकल्यात पाचपट अंतर आहे. ‘सरासरी माणसाचा खोकला’ अशी गोष्ट हातात धरायला गेलं तर निसटते.

वेग किंवा प्रवाह कामाचा नाही असं सरसकट म्हणणं चुकीचं होईल, कारण एका जागी तोच जीव वाचवतो: खोकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर. स्नायूंचे आजार, मानेच्या मणक्याला झालेली इजा, लांबलेलं आयसीयूचं आजारपण यांत माणसाचा खोकला दुबळा होतो, कफ आतच साचतो आणि न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाचा खोकला मोजायचं साधन अगदी साधं आहे. दम्यासाठी वापरतात तो पीक फ्लो मीटर, त्याला तोंडनाक झाकणारा मास्क जोडायचा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचा आणि शक्य तितक्या जोराने खोकायला लावायचं. आतला काटा सरकतो आणि मिनिटाला किती लिटर ते दाखवतो. चार-पाच खोकल्यांतला सर्वांत चांगला आकडा धरायचा. निरोगी प्रौढात तो ३६० च्या वर असतो. २७० च्या खाली आला की साध्या सर्दीतही कफ अडकण्याचा धोका धरून फिजिओथेरपिस्ट हाताने किंवा यंत्राने मदत सुरू करतात. १६० हा आकडा १९९६ साली बाख आणि सापोरितो यांच्या अभ्यासातून पुढे आला. त्याच्या खाली असेल तर घशातली नळी काढणं बहुधा फसतं. मिनिटाचे सेकंद केले तर हे १६० म्हणजे सेकंदाला २.७ लिटर, म्हणजे गुप्तांच्या पुरुष स्वयंसेवकांतल्या सर्वांत कमजोर खोकल्याहूनही थोडं खाली. दोन अगदी वेगळ्या कामांसाठी, वेगळ्या साधनांनी केलेली मोजमापं अशी एकमेकांना धरून येतात, तेव्हा त्यांच्यावरचा विश्वास वाढतो.

आता समोरच्या माणसाकडे वळू. ओठांबाहेर पडलेल्या हवेचं पुढे काय होतं हे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या हवेला दिसतं करण्याची एक जुनी युक्ती आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट टोप्लर याने १८६० च्या दशकात ती पक्की केली. श्लीरन म्हणतात तिला. मे महिन्यात वर्धा रोडवरच्या डांबरावर दुपारी हवा थरथरताना दिसते ती ज्या कारणाने, तेच कारण इथे वापरलं आहे: गरम हवा विरळ, थंड हवा दाट, आणि दोन्हींतून जाताना प्रकाश थोडा वाकतो. एक मोठा, अतिशय काटेकोर घासलेला अंतर्वक्र आरसा भिंतीशी उभा करतात. त्याच्यासमोर दूरवर सुईच्या टोकाएवढा दिवा. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एका बिंदूत जमतो, तिथे पात्याची धार अशी लावतात की निम्मा प्रकाश कापला जावा, आणि मागे कॅमेरा. आता आरशासमोर कुणी खोकलं, की तोंडातल्या ऊबदार हवेने वाकलेले किरण कुठे पात्यावर आपटतात, कुठे निसटून जातात, आणि कॅमेऱ्यात हवेचा लोट काळ्या-पांढऱ्या सुरकुत्यांसारखा उमटतो. माणसाच्या अंगाला काही लावावं लागत नाही, धूर सोडावा लागत नाही, डोळ्यांना लेसरचा धोका नाही. प्रत्येक चौकटीत लोटाची कड किती पुढे सरकली ते मोजलं की वेग निघतो.

भारतात ही पद्धत खोकल्यावर लावली ती बंगळूरच्या दोघांनी: इस्रोचे पद्मनाभ प्रसन्न सिंह आणि श्री जयदेव हृदयरोग संस्थेचे प्रसन्न सिंह मोहन राव. त्यांचा लेख ऑगस्ट २०२० मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’मध्ये आला. तोंडाजवळची मोजमापं तोवर बरीच झाली होती, लांबची फार थोडी होती, आणि त्यांना पाहायचं होतं ते लांबचं. उघडा खोकला ३ मीटरपर्यंत पोचू शकतो; साध्या वापरून फेकायच्या मास्कने तो अर्ध्या मीटरवर येतो; एन-९५ मास्कने सुरुवातीचा वेग दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो आणि पल्ला १० ते २५ सेंटिमीटर उरतो. त्यांचं एक निरीक्षण अर्ध्या बाह्यांच्या आपल्या हवामानात विशेष लक्षात ठेवण्याजोगं आहे. कोपरात खोकावं असा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण उघडा हात नाकाला नीट चिकटत नाही, फटी राहतात आणि हवा त्यांतून दिशा बदलून निसटते. बाही असेल तरच तो आडोसा कामाचा. उन्हाळ्यात सल्ला देणाऱ्याने आधी समोरच्याच्या शर्टाकडे पाहावं, हे उत्तम.

आणि इथून आपण मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. तोंडातून सुटलेला झोत पुढे जाताना आजूबाजूची हवा आपल्यात ओढून घेत जातो, म्हणून तो फुगत जातो आणि मंदावत जातो. द्रवगतिशास्त्रात हे फार जुनं, शेकडो वेळा तपासलेलं सत्य आहे की असा झोत कोणत्याही वेगाने सुटला तरी साधारण एकाच कोनात पसरतो. एक मीटर पुढे गेला तर त्याची त्रिज्या वीसेक सेंटिमीटर होते. वेग दुप्पट केला म्हणून शंकू निमुळता होत नाही. मग शंकूचं घनफळ काढा: एका मीटरवर सुमारे ४२ लिटर, दोन मीटरवर सुमारे ३३५ लिटर. खोकल्याची मूळ हवा जेमतेम एक लिटर होती. दोन मीटरवर ती सव्वातीनशे लिटरच्या ढगात पातळ झाली. अंतर दुप्पट, घनफळ आठपट. हा अंदाजी हिशेब आहे, कारण खोकला अखंड वाहत नाही, तो एकदाच सुटतो. पण घनफळ अंतराच्या घनाप्रमाणे वाढतं हे त्याने बदलत नाही. याच वाटेने मुंबईच्या आयआयटीतले अमित अग्रवाल आणि रजनीश भारद्वाज २०२० मध्ये गेले. आधीच मोजलेल्या आकड्यांवरून त्यांनी खोकल्याच्या ढगाचं घनफळ काढलं. मास्क नसेल तर ढगाचं घनफळ शस्त्रक्रियेच्या मास्कच्या सातपट आणि एन-९५ च्या तेवीसपट भरतं. आणि पहिली ५ ते ८ सेकंदं हा ढग एकसंध असतो, मग विस्कटतो. मास्क काही थेंब गाळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो झोताचा जोर मोडतो, म्हणून ढग लांबवर जात नाही, आणि लांब जात नाही म्हणून फुगतही नाही, हा त्याचा दुसरा फायदा घनफळ मोजल्याशिवाय आकड्यांत दिसत नव्हता. रुमाल आणि कोपर यांचंही तेच.

यावर कुणी म्हणेल, हे कागदावरचं गणित झालं, आणि मोजणाऱ्यांतच एकमत कुठे आहे? बंगळूरला ३ मीटर. टँग यांच्याच २०१३ च्या शिंकेच्या चित्रांत दिसणारा पल्ला फक्त ६० सेंटिमीटर. तर एमआयटीच्या लिडिया बुरुईबा म्हणतात की शिंकेचा ढग ७ ते ८ मीटर जाऊ शकतो. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या बाजूनेच बोलतो. श्लीरनमध्ये ‘दिसणं’ म्हणजे तापमानाचा फरक टिकून असणं. लोट सव्वातीनशेपट पातळ झाला की त्याच्यात आणि खोलीच्या हवेत अंशाचाही फरक उरत नाही, आणि कॅमेरा तो संपला असं सांगतो. संपलेला काहीच नसतो. कॅमेऱ्याची नजर संपलेली असते. बुरुईबा ढगातले थेंब उजेडात टिपतात. त्यांचा पल्ला थेंबांचा आहे. आणि शिंक खोकला नव्हे. शिंकेबद्दलही ताशी शंभर मैल सांगतात, पण टँग यांना तिचा कमाल वेग सेकंदाला साडेचार मीटरच मिळाला. तेव्हा ‘किती मीटर दूर उभं राहावं’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर मिळणार नाही. सहा फूट की तीन फूट हा वाद ज्या ईर्ष्येने घातला गेला, ती त्या आकड्यांना मुळीच झेपणारी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ढग आठ सेकंदांत विस्कटतो, तर मग काळजी कसली? विस्कटणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे, हे त्याचं उत्तर. एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्याला आठेक मिनिटं लागतात. आणखी दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे एक मायक्रॉनचा कण, हलत्या हवेत तासन्‌तास तरंगू शकतो. खोकल्याच्या वेगाने यांना बाहेर काढलं एवढंच. पुढचा प्रवास त्यांना खोलीची हवा घडवते. याचा सर्वांत ठोस पुरावा कोविडच्या कितीतरी आधीचा आहे. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या खोलीत सोडली. रुग्ण आणि प्राणी एकमेकांच्या समोर कधीच आले नाहीत. खोकल्याचा झोत नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत केव्हाच निवलेला असणार. तरीही गिनीपिगांना क्षय झाला. वेग शून्यावर आल्यानंतरही संसर्ग पोचतो, हे एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगाने दाखवलेलं नाही.

तर मग खोलीची हवा. आणि इथे बंगळूरचे, टँग-सेटल्स यांचे आकडे नागपुरात जसेच्या तसे आणता येत नाहीत. उच्छ्वासाची हवा ३४ अंशांच्या आसपास आणि बाष्पाने भरलेली असते. वीस-पंचवीस अंशांच्या प्रयोगशाळेत ती भोवतालापेक्षा हलकी, म्हणून पुढे जाता जाता वर उचलली जाते. नागपूरला डिसेंबरच्या पहाटे पारा १० ते १२ अंशांवर असतो. तिथे हे उचललं जाणं आणखी ठळक होणार आणि श्लीरनमध्ये चित्रही सुरेख येणार. आता कूलर बंद असलेल्या, ४२ अंशांच्या, कोरड्या खोलीत मे महिन्यात कुणी खोकलं असं धरा. घनतेचा हिशेब मांडला तर बाष्प जमेला धरूनही उच्छ्वास भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन टक्के जड निघतो. तो वर जाणार नाही, खाली बसेल. आणि ज्या दिवशी खोलीचं तापमान पस्तिशीच्या घरात असेल, त्या दिवशी आतल्या-बाहेरच्या हवेत तापमानाचा फरकच नाही. जगातला उत्तमोत्तम आरसा लावला तरी खोकला जवळजवळ दिसेनासा होईल. तो तितक्याच जोराने सुटलेला असेल. शिवाय वैशाखाच्या कोरड्या हवेत थेंब झटकन सुकून लहान होतात. जे जमिनीवर पडले असते त्यांतले काही तरंगते राहतात. परदेशी प्रयोगाचा निष्कर्ष आपल्याकडे लावताना एवढं तरी पाहायला हवं.

त्यातच विदर्भातल्या घरांचा उन्हाळा कूलरवर चालतो. खिडकीत बाहेरून बसवलेला, वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताट्यांचा मोठा डेझर्ट कूलर ताशी हजारो घनमीटर हवा आत ढकलतो, आणि ती सगळी बाहेरची असते. अंदाज घेऊ. १२ बाय १४ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ४८ घनमीटर. वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता ताशी २००० घनमीटरच धरले, तरी खोलीची हवा तासात चाळीसहून जास्त वेळा बदलते. जागतिक आरोग्य संघटना हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोल्यांना तासाला १२ बदल मागते, आणि नैसर्गिक वायुवीजनावर चालणाऱ्या अशा खोलीत रुग्णामागे सेकंदाला १६० लिटर, म्हणजे ताशी ५७६ घनमीटर. उकाड्यावरचा आपला देशी उपाय या कसोटीवर अव्वल उतरतो, अट एकच: हवेला बाहेर पडायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावलं तर तो फक्त दमटपणा वाढवतो. एसी तर बहुतेक घरांत तीच हवा फिरवत राहतो. जानेवारी २०२० मध्ये ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले दहा जण आजारी पडले, ते अशाच एसीच्या झोतात आणि बाहेरची हवा जवळजवळ न येणाऱ्या जागेत. कूलरचा झोतही एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर नेऊ शकतो, हे मान्यच. आजाऱ्याची खाट कूलरच्या समोर न ठेवता हवा बाहेर जाते त्या दाराजवळ ठेवावी, एवढी दक्षता पुरे. फरक पाहायचा असेल तर हवा नीट मिसळते असं धरून हिशेब करा: तासाला चाळीसहून अधिक बदल असतील तर पाच मिनिटांनी खोकल्यातून आलेल्या बारीक कणांपैकी ३ टक्के उरतात. तासाला एकच बदल असेल, तर ९२ टक्के. दिवाळीनंतर कूलर उतरवून खिडकीला प्लायवूड ठोकलं जातं, त्या नागपुरी खोलीचा बदल तासाला एक असला तरी पुष्कळ म्हणायचा.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मोजणाऱ्यांनाच अडचणीत टाकणारा आहे. हे सगळे खोकले निरोगी, बहुतेक तरुण स्वयंसेवकांचे, ‘आता खोका’ म्हटल्यावर काढलेले. आजाऱ्याचा खोकला कफाने भरलेला, थकलेला, एकामागून एक येणारा असतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात फ्लूच्या रुग्णांचे खोकले आजारपणात आणि बरं झाल्यावर मोजले, तेव्हा आजारपणात त्यांतून जास्त कण बाहेर पडत होते. शिवाय क्षयाचे जंतू शांत श्वासातूनही बाहेर येतात असं दक्षिण आफ्रिकेतल्या अलीकडच्या कामातून पुढे आलं आहे. एका खोकल्यात जास्त असले तरी दिवसाला खोकले मोजके आणि श्वास वीस हजारांच्या पुढे, म्हणून बेरजेत श्वासाचं पारडं जड होतं. मग खोकला मोजण्यात काय अर्थ? माझ्या मते अर्थ आहे, पण मर्यादित. समोरासमोरच्या हातभर अंतरात, पहिल्या काही सेकंदांत खोकला बाकी सगळ्यावर मात करतो, आणि तिथे मास्क, रुमाल, तोंड वळवणं यांची किंमत त्याच मोजमापांतून कळली. त्या पल्ल्याबाहेर खोकला आणि श्वास एकाच हवेत मिसळतात आणि वेगळे मोजायची गरज उरत नाही.

ती मिसळलेली हवा मोजायला आरसा लागत नाही. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग. बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. बंद वर्गात मीटरने १,२२० दाखवले तर बाहेरच्यापेक्षा ८०० जास्त, आणि ४०,००० ला भागलं की २ टक्के. म्हणजे त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या दर पन्नास श्वासांमागे एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला आहे. ही रीत २००३ साली रुडनिक आणि मिल्टन यांनी मांडली आणि हवेतल्या संसर्गाच्या गणितात ती आता रुळली आहे. नागपुरात १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचं काम करणारी, १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. पाणी आणि हवा मोजणं हेच तिचं काम, आणि २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोविडची चाचणी करण्याची स्वस्त रीत तिनेच दिली. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत शहरातल्या कोचिंग क्लासचे वर्ग, दवाखान्यांच्या प्रतीक्षा खोल्या आणि सिटी बस यांत असे मीटर लावून तासातासाची नोंद ठेवली, आणि तीच मोजणी मे महिन्यात कूलर चालू असताना पुन्हा केली, तर खोकल्याच्या वेगाबद्दल आजवर झालेल्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी तक्ता हाती येईल. मीटर खिडकीपासून आणि कुणाच्याही तोंडापासून दोन मीटर दूर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर हवा. छताजवळ लावला तर थंडीत तो वर जमलेला उच्छ्वास मोजेल आणि आकडा उगाच फुगेल.